पडलं, पण मी ओरडलो नाही

पिस्तुलाच्या मागच्या साइटमधली ती स्प्रिंग वनिताच्या हातून हरवली नव्हती. माझ्या हातून हरवली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे आणि बोललो तर अजून कुणाजवळच नाही. बायकोजवळ नाही, आबा होते तोवर आबांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. स्प्रिंग ती केवढी, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी. तिच्यासोबत एक पोलादी गोळी, मोहरीएवढी. दोन्ही मिळून तळहातावर ठेवल्या तर वजन कळायचं नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला इतकी वर्षं त्यांचं वजन कळत राहावं, हे सांगायलाही लाज वाटते. पण आता सांगायचंच ठरवलं आहे, तर घरापासून सांगतो, कारण त्या घराशिवाय माझा गुन्हा कुणाला गुन्हा वाटणारच नाही.

आमचं घर नांदेडात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर पत्रे. माझे वडील, म्हणजे आबा, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. हंगामात बिलोली, मुखेड, देगलूरकडचे शेतकरी पाठीवरचे पंप आणून ओट्यावर ओळीनं मांडून ठेवत आणि घरभर औषधाचा उग्र वास भरून राही. माय त्या वासावर उतारा म्हणून सतत लसूण ठेचत असते, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. सकाळी सुशिल्याच्या मुरमुऱ्यांना फोडणी, दुपारी भाकरीच्या थापा, आणि त्यांच्या मधून मधून आबांच्या कानशीचा खर्र खर्र आवाज. आमच्याकडे रेडिओ होता, पण तो कुणी फारसा लावत नसे. घरात शांतता लागायची. कारण पंपाच्या दांडीला पाणी सोडायचा जो घोडा असतो, त्याच्या आत एक स्प्रिंग आणि एक गोळी असते, आणि ती खोलताना हमखास उडते. उडाली की ऐकावी लागते.

यासाठी घरात एक नियम होता. ज्याच्या हातून बारीक वस्तू पडेल त्यानं त्याच क्षणी मोठ्यानं ‘पडलं!’ असं ओरडायचं, आणि ते ऐकताच जो जिथे असेल त्यानं तिथेच थिजायचं. मायनं हातावर घेतलेली भाकरी हातावरच राहायची. एकदा देगलूरचे मामा उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर, हातात जिलबीचा पुडा अशा अवस्थेत अडकले. बराच वेळ झाल्यावर ते म्हणाले, ‘‘दाजी, पाय आकडला हो. टेकवू का खाली?’’ आबा जमिनीला गाल लावून शोधत होते. तिथूनच म्हणाले, ‘‘टेकव की. टेकवलास तर जाताना बहिणीलाबी संगं घेऊन जा.’’ मामांनी पाय टेकवला नाही. मग आबा प्रत्येकाला विचारायचे, ‘‘कसं वाजलं?’’ शहाबादी फरशीवर गोळी तीनदा-चारदा नाचते आणि दर वेळी आवाज बारीक होत जातो. स्प्रिंग एकदाच कोरडी वाजते आणि गप्प होते. प्रत्येकानं आपापल्या कानाची साक्ष द्यायची. मग आबा बॅटरी फरशीवर आडवी ठेवत. आडव्या उजेडात मोहरीएवढ्या गोळीचीही बोटभर सावली पडते. सावली सापडली की वस्तू सापडलीच. पाडल्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलणी खाल्ली नाहीत. ‘‘पाडतो तो हात,’’ आबा म्हणायचे, ‘‘वरडत न्हाई तो माणूस. हाताला काय बोलावं?’’

आमच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर एका शाळेच्या मागचं रिकामं गोदाम होतं. बिलोलीकडचे एक निवृत्त फौजी तिथे पोरांना हवेच्या पिस्तुलाची नेमबाजी शिकवत. सगळे त्यांना हवालदार सर म्हणत. त्यांचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. दहा मीटरवर कागदाचं लक्ष्य, ते दोरीच्या चरख्यानं पुढे-मागे करायचं, आणि आम्हां दहाबारा जणांत चांगलं पिस्तूल एकच. त्या पिस्तुलाचे वॉशर आबा बदलून देत, म्हणून माझा तिथे शिरकाव झाला. पुढे कळलं की माझा हातही बरा आहे. माझ्याहून चांगला हात एकाच व्यक्तीचा होता, तो वनिताचा. ती किनवटकडच्या जंगलातल्या एका गावची, नांदेडात वसतिगृहात राहून शिकायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. उंच, लांब हातांची, आणि बोलण्यात तिखट. माझा छर्रा सातच्या बाहेर गेला की म्हणायची, ‘‘बाल्या, लक्ष्य समोर हाय बाबा. बाजूच्या भिंतीनं तुझं काय खाल्लं?’’

नेम धरायला पिस्तुलावर पुढे एक आणि मागे एक साइट असते. मागच्या साइटमध्ये एक चौकोनी खाच असते. त्या खाचेत पुढच्या साइटचा काळा दांडा बसवायचा आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या उजेडाची सारखी फट दिसली पाहिजे. आमच्या पिस्तुलाची खाच अरुंद होती. माझे हात आखूड, मला ती फट नीट दिसायची. वनिताचे हात लांब. पिस्तूल डोळ्यापासून दूर जायचं आणि खाच दांड्यानं बुजून जायची. तरी ती माझ्या बरोबरीनं मारायची. लातूरला खुली स्पर्धा जाहीर झाली, आमच्या गोदामातून एकच नाव पाठवायचं होतं, आणि मला मनातून खात्री होती की ते माझंच असणार. पण हवालदार सरांनी पुण्याहून रुंद खाचेची नवी साइट मागवली. मागवली म्हणजे काय, ते मला न सांगता कळलं. ती साइट वनितासाठी होती, म्हणजे लातूरही वनितासाठी होतं.

शुक्रवारी सरांनी पिस्तुलाची पेटी आणि नव्या साइटची चपटी डबी माझ्या हातात दिली. ‘‘आबाराव आले की त्यांच्याकडून बसवून घे. तू हात लावायचा नाही, जवान. समजलं?’’ आबा दुरुस्त झालेले पंप पोचवायला बिलोलीला गेले होते, शनिवारी दुपारी येणार होते; सर समजत होते की ते त्याच संध्याकाळी परततील. मी घरी आलो, खिडकीशी बसलो आणि हात लावला. जुनी साइट दोन स्क्रूंवर होती, ती सहज निघाली. नवी सहज बसली. इथे थांबलो असतो तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण नव्या साइटचा वरचा स्क्रू फिरवला की आतून टक्, टक् असा सुरेख आवाज यायचा. आतली स्प्रिंग गोळीला स्क्रूच्या दात्यांत दाबून धरते, त्याचा तो आवाज. जुन्या साइटला तो नव्हता. तिच्यात नुसती पत्र्याची पट्टी होती. हा आवाज तिच्यासाठी आणलाय, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि मी स्क्रू फिरवतच राहिलो. खाली परात नव्हती, ओला टॉवेल नव्हता. आमच्याकडे परातीत ओला टॉवेल पसरल्याशिवाय कुणी साधं घड्याळ उघडत नसे. स्क्रू सुटला, त्याखालची पट्टी वर उचलली गेली आणि आतलं सगळं उडालं.

मी ऐकलं. स्प्रिंग खाटेखाली वाजली, एकदा. गोळी उंबऱ्याकडे गेली, चारदा नाचत. आजही डोळे मिटले तर मी त्या दोन्ही जागांवर बोट ठेवू शकतो. आत मायच्या भाकरीची थाप चालू होती. मी ओरडलो असतो तर थाप थांबली असती, सावली पडली असती, दोन्ही वस्तू चुटकीसरशी सापडल्या असत्या. माझ्या तोंडात शब्द तयार होता. आणि त्याच वेळी पोटात एक बारीकसा आनंद झाला. तो आनंद मला लपवायचा नाही, त्याच्यासाठीच हे प्रकरण लिहितो आहे. मला वाटलं, नवी साइट गेली तर जुनी परत बसेल. जुनी बसली तर मी जाईन.

तरी मी गुडघ्यांवर बसून थोडं शोधल्यासारखं केलं. तेवढ्यात माय केरसुणी घेऊन आली. दिवेलागणीनंतर झाडू नये, म्हणून ती रोज त्याच वेळेला घाईनं झाडायची. ‘‘ऊठ रे बाला, काय करून राहिलास खाली? दिवे लागायची येळ झाली. पाय वर घे.’’ मी खाटेवर बसलो आणि पाय वर घेतले. तिनं खाटेखालून केरसुणी फिरवली, उंबऱ्याबाहेर केर लोटला, वरून पाणी शिंपडलं. मी पाय वर घेतलेलेच होते. पुढे आयुष्यात मी आणखीही चुका केल्या, पण मला स्वतःची आठवण येते ती अशी, खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या पोराची. मग मी स्क्रू घट्ट आवळला. घट्ट आवळल्यावर साइट हलत नव्हती. पिस्तूल पेटीत ठेवलं, हात धुतले आणि ठेच्याशी दोन भाकरी खाल्ल्या.

शनिवारी सकाळी गोदामात वनितानं पेटी उघडली, रुंद खाचेतून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. ‘‘अगं बया! बाल्या, आता दिसायलंय की रे सगळं! दोन्ही बाजूंनी उजेड.’’ पहिले छर्रे खाली गेले, तेव्हा नेम वर घ्यायला तिनं स्क्रू सैल केला. मग छर्रे एक वर, एक खाली, एक पार कागदाच्या कडेला. सरांनी पिस्तूल घेतलं आणि साइटला बोटानं ढकललं. ती पडायला आलेल्या दातासारखी हलली. स्क्रू काढून पाहिलं तर आत नुसती पोकळी. वनिता पांढरीफटक पडली. ‘‘सर, मीच जास्त फिरवला असंल,’’ ती म्हणाली. ‘‘मला नवं होतं. माझ्याच हातानं उडालं असंल.’’ सरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘काल बसवलं तेव्हा कसं होतं?’’ आणि मी म्हणालो, ‘‘काल तर टकटक वाजत होतं, सर.’’

ते वाक्य खोटंही नव्हतं. काल खरंच वाजत होतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

यानंतर जे केलं ते न लिहिता पुढे जावं असं फार वाटतं. मी सगळ्यांना थिजायला सांगितलं. आमच्या घरची पद्धत मी त्या गोदामात सगळ्यांना शिकवली. बॅटरी आडवी धरा, सावली बघा, पाय उचलू नका. वनिता फरशीला गाल लावून शोधत होती आणि मी तिच्या शेजारी गाल लावून शोधत होतो. त्या दोन वस्तू तोवर आमच्या गल्लीतल्या चिखलात गेल्या होत्या. ती दर थोड्या वेळानं मला विचारायची, ‘‘तुला तरी काही वाजल्यासारखं वाटलं का रे?’’ मी नाही म्हणून मान हलवायचो. शेवटी सर म्हणाले, ‘‘बस झालं. उद्याच स्पर्धा, पुण्याहून यायला वेळ नाही. चारला नाव कळवायचंय, तोवर काही जुगाड झाला तर ठीक, नाहीतर जुनी साइट चढवा आणि बालाजी जाईल लातूरला.’’ म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं होतं. चार वाजेपर्यंत नुसतं बसून राहायचं होतं.

वनिता भिंतीला टेकून बसली होती. गाल फरशीच्या धुळीनं माखलेला. मला वाटलं ती चिडेल, नशिबाला शिव्या देईल. ती म्हणाली, ‘‘बाल्या, तू जा. चांगलं मार. माझी बॅग घेऊन जा, तुझ्या बॅगेची चेन खराब हाय.’’ माझ्या बॅगेची चेन खरंच खराब होती. ते तिच्या लक्षात होतं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी उठलो, साइट खिशात टाकली आणि म्हणालो, ‘‘अक्का, तू हितंच बस. मी बनवून आणतो.’’

‘‘काय बनवतो? ती काय भाकर हाय?’’

‘‘चारच्या आत आणतो,’’ एवढंच म्हणालो आणि पळत घरी आलो.

आबा बिलोलीहून आले होते आणि जेवत होते. मी त्यांना सांगितलं की गोदामात साइटमधली स्प्रिंग आणि गोळी हरवली, अक्काच्या हातून. आबांनी आमटी भुरकली आणि सवयीनं विचारलं, ‘‘कसं वाजलं?’’ मी म्हणालो, ‘‘ऐकलं न्हाई.’’ आबांचा हात ताटातच थांबला. त्या घरात वाढलेलं पोर वस्तू पडताना ऐकत नाही, हे त्यांना पटलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी पुढे विचारलं नाही. हात धुतला, परात मांडली, ओला टॉवेल पसरला आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसले. ‘‘मी हात लावणार न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘तूच कर. मी ऐकतो.’’

पुढचे दोन-तीन तास मी आयुष्यात पहिल्यांदा खरं काम केलं. आधी गोळीच शोधली. सायकलच्या फ्रीव्हीलमधली काढून पाहिली, ती साइटच्या भोकात शिरेना. पंपातली तर बोराएवढी वाटली. मग विचार केला, गोळीच कशाला हवी? भोकात सरकणारी आणि टोकाला गोल असलेली कसलीही काडी चालेल. सायकलच्या चाकाची तार भोकात घालून पाहिली आणि ती अशी बसली, जणू तिच्यासाठीच भोक पाडलं होतं. नखाच्या निम्म्याएवढा तुकडा कापला, हातानं फिरवायच्या ड्रिलमध्ये धरला आणि तेलाच्या दगडावर त्याचं टोक घासत राहिलो. पहिला टोकदार झाला, स्क्रूच्या दात्यांत रुतून बसला. दुसरा हातातून उडाला. ‘‘पडलं!’’ मी ओरडलो. आत माय थांबली. आबा स्टुलावर थिजले. बॅटरी, सावली, सापडला. मला वाटतं आबांचे आवळलेले खांदे तेव्हा थोडे सैल झाले. तिसरा तुकडा बरोबर झाला. गोल, गुळगुळीत, जवसाच्या दाण्यासारखा चमकणारा.

आता स्प्रिंग. बॉलपेनमधली कापून घातली. स्क्रू फिरवला, टिक् झालं. आबा डोळे मिटून बसले होते. ‘‘कच्चं,’’ ते म्हणाले. ‘‘धक्क्यानं सरकंल.’’ टोक जरा ताणून पुन्हा घातली. ‘‘कच्चंच हाय.’’ पंपातली जाड होती, शिरेना. पत्र्याच्या डब्यातल्या सगळ्या स्प्रिंगा परातीत ओतल्या, एकही त्या मापाची नाही. तीन वाजून गेले होते. मी रडकुंडीला आलो आणि तेवढ्यात ओट्यावरून मामांचा खोकला ऐकू आला. मामा आले, बसले, विडी काढली आणि मोठ्या ऐटीत खिशातून लायटर काढलं. हैदराबादहून आणलेलं लायटर. गावात कुणाजवळ नव्हतं म्हणून ते काडेपेटी असली तरी लायटरच काढायचे. चाकाखाली गारगोटीचा तुकडा असतो, त्याला वर ढकलायला एक बारीक स्प्रिंग असते. मी त्या लायटरकडे असा पाहायला लागलो की मामा म्हणाले, ‘‘काय रे? विडी प्यायला लागलास का?’’

‘‘मामा, लायटर द्या.’’

‘‘का?’’

‘‘खोलायचंय.’’

‘‘दाजी, तुमचं पोरगं येडं झालंय वाट्टं.’’

आबांनी डोळे उघडलेच नाहीत. ‘‘दे त्याला. जिलबीचा पुडा घेऊन अर्धा तास हुभा होतास, तवा कुठं मान खाली गेली तुझी? एका पोरीचं काम हाय.’’ मामांनी लायटर अशा चेहऱ्यानं दिलं, जणू मुलगी सासरी पाठवत होते. स्प्रिंग निघाली. लांब होती, अर्ध्याच्या वर कापली, कापलेलं टोक मेणबत्तीवर तापवून चिमट्यानं सपाट केलं. भोकात घातली, वर तारेचा दाणा, वर पट्टी, वर स्क्रू. श्वास रोखून फिरवलं.

टक्.

पुन्हा फिरवलं. टक्. प्रत्येक दात्याला एक, ना आधी ना नंतर. आबांनी डोळे उघडले. ‘‘हां,’’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हां निघणं काय असतं ते आमच्या गल्लीतल्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलं असतं. मी साइट मुठीत धरून मोंढ्यातून पळालो. हमाल बाजूला झाले, एका म्हातारीच्या मिरच्यांच्या पाटीवरून उडी मारली आणि चारच्या आत गोदामात पोचलो. सरांनी स्क्रू फिरवून कानाशी धरला, मग साइट बसवून पिस्तूल वनिताच्या हातात दिलं.

रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं लातूरला गेलो. मायनं दिलेले धपाटे आणि घट्ट दही आम्ही अहमदपूरच्या स्टँडवर खाल्लं. वनितानं एकच धपाटा खाल्ला, बाकीचे सरांनी. लातूरचं सभागृह आमच्या गोदामाच्या चौपट होतं, आणि समोरची पोरं अशी पिस्तुलं घेऊन आली होती की पेट्या बघूनच आमचा धीर खचावा. एकानं वनिताच्या पायातल्या चपला पाहून आपल्या सोबत्याला कोपरानं ढोसलं. मी दोरीमागे उभा होतो. चाळीस छर्रे मारायचे होते. पहिले काही छर्रे खाली गेले, सात, आठ, सात. लातूरचा उजेड वेगळा होता. सरांनी डोळ्यांवर हात घेतला. वनितानं पिस्तूल खाली ठेवलं, वाकली आणि स्क्रू फिरवला. सभागृहात चरख्यांची कुरकुर सोडून काही आवाज नव्हता, आणि त्या कुरकुरीतून मला दोन वेळा ऐकू आलं. टक्. टक्.

त्यानंतरचा छर्रा दहात गेला. पुढचा दहात. मग नऊ, मग पुन्हा दहा, दहा, दहा. तिचा लांब हात वर यायचा, थांबायचा, आणि त्या हाताच्या टोकाला मामांच्या लायटरची स्प्रिंग आणि सायकलच्या चाकाची तार एका जागी ठाम उभी असायची. प्रत्येक धक्क्याला मी मनात म्हणायचो, आता सरकेल, आता सरकेल. पण ती चाळीस धक्क्यांत एका केसाएवढीही सरकली नाही. शेवटच्या दहा छऱ्यांचं लक्ष्य परत आलं तेव्हा चरखा फिरवणारा माणूसच ओरडला, ‘‘आरं तिच्या मायला, मधी नुसतं भगदाडच हाय!’’ वनिता पहिली आली. पेटीवाल्या सगळ्यांना मागे टाकून, किनवटच्या जंगलातली पोरगी, उसनं पिस्तूल आणि घरी बनवलेली साइट घेऊन. कोपरानं ढोसणारा तो मुलगा येऊन साइट बघायला मागत होता. सरांनी त्याला सांगितलं, ‘‘बघ, पण श्वास सोडू नकोस त्याच्यावर.’’

आणि मग सरांनी मला खांद्यावर उचललं. खरोखर उचललं, मी हलका होतो. सगळ्या सभागृहासमोर ते ओरडले, ‘‘ह्या पोरीनं हरवलं, आणि ह्या पोरानं मिळवून दिलं!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात वनितानं वाजवल्या. वरून मला तिचा चेहरा दिसत होता, घामानं भिजलेला, हसणारा. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा विजय होता आणि तो खरा होता, हे मी आजही म्हणतो. ती वस्तू मीच बनवली होती, मला चार वाजेपर्यंत नुसतं बसून राहता आलं असतं आणि मी बसलो नाही. पण त्याच क्षणी माझं तोंडही बंद झालं. त्या टाळ्यांतून खाली उतरून खरं सांगण्याइतका मोठा मी नव्हतो. परतीच्या एसटीत तिनं पदक माझ्या हातात दिलं. ‘‘नांदेड येईस्तोर तू धर. अर्धं तुझंच हाय.’’ मी धरलं. हात घामेजला तरी सोडलं नाही.

त्या एका दिवसानं माझं पोट ठरवलं. आबांच्या ओट्यावर आता मी बसतो. पंप कमी झाले. पण नांदेड, लातूर, परभणीकडचे नेमबाज आपल्या पिस्तुलांच्या साइट बदलताना काही उडालं की माझ्याकडे येतात. माझ्याजवळ बरण्यांत मापामापाच्या स्प्रिंगा आहेत. तरी पहिल्यांदा मी लायटरचीच घालून बघतो. मामा तर मरेपर्यंत सांगायचे, ‘‘लातूरचं पदक माझ्या विडीमुळं आलं.’’ आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी परातीत काहीतरी शोधताना ते सहज म्हणाले होते, ‘‘बाला, पडल्यावर वरडायला उशीर झाला तरी वरडावं. केर लांब गेला तरी निदान लोकं पाय टाकताना बघून टाकतात.’’ मी हो म्हणालो होतो आणि चिमटा शोधायला आत गेलो होतो.

वनिता अक्का आता किनवटकडे एका निवासी शाळेत शिकवते आणि पोरींना नेमबाजी शिकवते. दिवाळीला फोन करते, मला अजून बाल्याच म्हणते. गेल्या महिन्यात तिची एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर माझ्या दुकानात आली. साइट बदलताना स्प्रिंग उडाली होती. मी परात मांडली, टॉवेल भिजवला, तर ती पोरगी हसून म्हणाली, ‘‘आमच्या मॅडमबी असंच करतात. आम्हांला परातीशिवाय हात लावू देत न्हाईत. म्हणतात, मी लहानपणी लई धसमुसळी होते, माझ्या हातानं एकदा स्प्रिंग हरवली, आणि नांदेडच्या एका पोरानं बनवून दिली म्हणून मी हुभी राहिले. तवापासून माझ्या हातावर माझा भरोसा न्हाई, असं म्हणतात.’’ तिचे वडील म्हणाले, ‘‘तेच का तुम्ही?’’ मी म्हणालो, ‘‘हाव.’’ आणि स्क्रू फिरवला. टक् झालं. पोरीनं टाळी वाजवली.

चाळीस धक्क्यांत न हललेल्या त्या हातावर तिचा भरोसा नाही, इतकी वर्षं, माझ्यामुळे. हे लिहून मी मोकळा झालो असं मी मानत नाही. कागदावर लिहिणं म्हणजे खाटेवर पाय वर घेऊनच बोलणं आहे. किनवटची गाडी सकाळी असते. अक्का, स्प्रिंग तुझ्या हातून पडली नव्हती, माझ्या हातून पडली होती, मी ती पडताना ऐकली होती आणि मी ओरडलो नाही. एवढं तिच्यासमोर उभं राहून सांगणं मी तिला देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.